चाकाखालचा दगड

२३ जानेवारी, गुरुवार. बल्लारपूर

आरिफने ठरवलं. विचारलं नाही, सांगितलं. शनिवारी निघायचं, आष्टीवरून आलापल्ली, तिथून जंगलातल्या रस्त्याने भामरागड. तीन नद्या मिळतात तो काठ बघायचा आणि परत. "सव्वीस जानेवारीची सुट्टी आहे, महेक नागपूरहून येतेच आहे. तुझं मन जरा बहलेल."

माझं मन! दोन वर्षं हा माणूस माझ्या मनाची दुरुस्ती करतो आहे, त्याच्या दुकानात आलेल्या स्कूटरसारखी. कधी नवा फ्रिज, कधी खिडक्यांना जाळ्या, आता जंगल. मी मागितली होती ती एक गोष्ट सोडून सगळं.

ती गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच वाटायला नको की मी उगाच चिडते. नबीलच्या डोक्याशी एक दगड ठेव, एवढंच म्हटलं होतं. आमचं सोळा वर्षांचं पोर. नागपूरच्या दवाखान्यात तापाने गेलं. आमच्या मोहल्ल्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. पुरुष गेले, पुरुष आले. आरिफच्या पायांना माती लागली होती, ती मी अंगणात पाणी ओतून धुतली. कुठे ठेवलंस, असं विचारलं तर म्हणाला, "भिंतीकडे." भिंत चारी बाजूंना आहे.

दोन पावसाळे झाले. माती बसली असेल. मी म्हटलं, नाव नको, साधा दगड तरी. तर म्हणाला, "आपल्यात नाही करत. अब्बांच्या कबरीवर तरी आहे का? लोक काय बोलतील?" विषय संपला. त्याचे सगळे विषय असेच संपतात, अर्ध्या वाक्यात.

जाईन मी. सहलीला जाईन. पण तोंड उघडणार नाही.


२५ जानेवारी, शनिवार. आलापल्ली

तोंड गोंडपिपरीलाच उघडावं लागलं. चहाला थांबलो, आणि चहा यायच्या आधी आरिफ चाकामागे ठेवायला दगड शोधत निघाला. सपाट रस्ता, हॉटेलसमोर फरशी, तरी दगड. ही माझ्या सासऱ्यांची सवय. बाबूभाई आयुष्यभर या जंगलातून बांबूचे ट्रक चालवत आले. गाडी थांबली की आधी चाकामागे दगड, मग बिडी. शाळेच्या सुट्ट्यांत आरिफ त्यांच्याबरोबर जायचा आणि दगड शोधायचं काम त्याच्याकडे असायचं. बाबूभाई गेले, ट्रक गेला, दगड राहिला.

"अब्बू, हँडब्रेक नावाची चीज असते," महेक म्हणाली.

"हँडब्रेकचा काय भरोसा?"

"आणि दगडाचा आहे?"

"दगड धोका नाही देत."

"चहा थंडा होतो आहे," मी म्हणाले. चारच शब्द, पण जास्त जोरात निघाले. शेजारच्या बाकावरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला.

आष्टीच्या पुढे रस्ता म्हणायची सोय नाही. लोहखनिजाचे ट्रक एकामागे एक, ताडपत्री अर्धी उघडी, लाल धूळ. पळसाची पानं लाल, घरांचे पत्रे लाल, सायकलवरून जाणाऱ्या बाईचे केस लाल. कोणाचं जंगल आणि कोण कुठे वाहून नेतं आहे! काचा बंद करूनही दातांत धूळ कचकचत होती. मी म्हणाले, "हे दाखवायला आणलंस?" आरिफ म्हणाला, "उद्याचा रस्ता चांगला आहे." त्याचं सगळं चांगलं नेहमी उद्या असतं.

लॉजची चादर ओली आहे. महेकला झोप लागली. तो खाली जाऊन टायर बघतो आहे.


२६ जानेवारी, रविवार. भामरागड

सकाळी निघालो तेव्हा शाळांत झेंडावंदन चाललं होतं. पेरमिलीत मुलं हातात कागदी झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती, एकाचा झेंडा चुरगळला म्हणून तो रडत होता.

आलापल्लीपासूनचा रस्ता खरोखर सुंदर आहे. सागाची पानं गळायला लागली आहेत. रस्ता वळतो तिथे ऊन आडवं येतं आणि अंग चोरून बसलेलं जंगल एकदम उघडं होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तो जिंकला असता.

पेरमिली सोडल्यावर एका उतारावर टायर पंक्चर झालं. टायर एवढे तपासून! मी हसले, ते त्याला आवडलं नाही. तो दगड शोधायला गेला. रस्त्यापासून जरा आत मोहाचं मोठं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी पडलेला एक दगड दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला. चपटा, काळसर, पाटापेक्षा थोडा मोठा. चाकामागे लावला, स्टेपनी बदलली. तोवर महेक झाडापलीकडे जाऊन फोटो काढून आली. तिकडे उभ्या दगडांची रांग आहे म्हणे, काही कमरेएवढे, काही कलले आहेत.

"शेताची हद्द असेल," आरिफ म्हणाला.

मग निघायचं, तर हा दगड टाकून देईना. उलटा केला, सुलटा केला, कडेवरून बोट फिरवलं आणि डिकीत ठेवला.

"जंगलात दगडांचा दुष्काळ आहे का?" मी विचारलं.

"राहू दे. लागेल."

भामरागडला पोचलो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती तिन्ही एकत्र होतात, पलीकडे छत्तीसगड. पाणी कमी आहे, वाळू आणि खडक जास्त. इथे राहणारे सांगतात की पावसाळ्यात पूल बुडतो आणि गाव बेट होऊन बसतं. आत्ता मात्र पाणी इतकं शांत की कोणती नदी कुठे संपली ते कळत नाही. मी खडकावर बसले. थोडा वेळ राग विसरले असेन.

मग पाहिलं, तर आरिफ डिकीतला दगड घेऊन खाली उतरतो आहे. पाण्यात बसून त्याने तो धुतला. वाळूने घासला, परत धुतला. वितीने मोजला. घरी स्वतःचा कप विसळत नाही हा माणूस! दुकानाची पायरी फुटली आहे, तिथे बसवणार असेल. बायकोला जंगल दाखवायला आणायचं आणि पायरीचा दगड घेऊन जायचं, अगदी त्याचंच काम. वर येऊन त्याने तो टॉवेलात गुंडाळला. माझ्या टॉवेलात. विचारलंही नाही.

महेक म्हणाली, "अम्मी, असू दे ना." या घरात मला सगळं असू द्यायचं आहे.


२७ जानेवारी, सोमवार. आलापल्ली

रात्र बरीच झाली आहे. तरी लिहिते.

सकाळी भामरागडलाच दीपालीच्या खानावळीत पोहे खायला बसलो. राहायची खोलीही तिचीच. बाई चामोर्शीकडची, लग्न होऊन इथे आली, तोंडाने फटाकडी. एसटीतून आलेल्या लोकांकडून ऐकलेलं ती वाढता वाढता सगळ्यांना ऐकवत होती. पेरमिलीकडच्या गावात काल मोठं भांडण झालं. लच्छूचा दगड गायब झाला.

"कसला दगड?" महेकने विचारलं.

"अवो, माडिया लोकाईत मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करते. सारे सोयरे मिळून डोंगरातून आनते. लच्छूचा आनून ठेवला होता मोहाच्या झाडाखाली, उद्या जेवन हाय, उद्या उभा करनार. काल पायते तं दगडच नाई. लच्छूची बायको हाय ना, रुखमा, तिच्या भावाईवर दिराचा शक. भाऊ म्हनते, तुमीच लपवला. कुऱ्हाडी निघाल्या म्हनते."

महेकने फोन काढला. कालचा फोटो मोठा केला आणि बापासमोर धरला. "अब्बू, हद्द नव्हती ती."

आरिफने पोह्याची प्लेट खाली ठेवली. तो उठला, गाडीकडे गेला, आम्ही मागे. डिकी उघडून टॉवेल बाजूला केला तोवर दीपालीही येऊन पोचली.

"अगं मायवं!" ती म्हणाली. "मॅडम, तुमचा नवरा पागल हाय का?"

"मला पण हेच विचारायचं आहे," मी म्हणाले.

मग खरं भांडण झालं. आरिफ म्हणाला, परत त्याच रस्त्याने जायचं आहे, कोणी नसेल तेव्हा झाडाखाली ठेवून देऊ, कोणाला कळायचं नाही.

"आणि त्यांच्यातलं भांडण?"

"दगड मिळाला की मिटेल."

"कसं मिटेल? आपोआप आला असं म्हणतील? जन्मभर एकमेकांवर शक घेतील. गावात जा आणि सांग, मी नेला होता."

"समजून घे जरा. बाहेरगावचा माणूस, त्यात मुसलमान. त्यांच्या मय्यतीचा दगड उचलला, असं जाऊन सांगू? मारतील मला."

तो खरोखर घाबरला होता, हे मला आता लिहिताना दिसतं. तेव्हा नाही दिसलं. तेव्हा मला फक्त तो टॉवेल दिसत होता, त्याची ती नीट घातलेली घडी. मी ओरडले, "हो ना, ठेव गुपचूप! आणि कोणी विचारलं तर सांग, भिंतीकडे ठेवला!"

खानावळीतले लोक दारात आले. महेक माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "अम्मी, तू दगडासाठीच भांडते आहेस ना?"

"मग कशासाठी?" मी तिलाही ओरडले.

दीपालीने हात पुसले, नवऱ्याला चुलीकडे बसवलं आणि न विचारता आमच्या गाडीत येऊन बसली. "चला. तुमाले गोंडी येते का? मंग? मी नाई आली तं मार खाल."

वाटेत दीपाली तेवढी बोलत होती. लच्छू कसा मध काढायचा, झाडावरून पडून कसा गेला, दगडाच्या जेवणापुरतं जमायला किती वर्षं लागली, तोवर रुखमाने एकटीने दोन पोरी कशा वाढवल्या.

मोहाखाली माणसं बसलेलीच होती. दोन घोळके, मध्ये रिकामी जागा. आरिफने गाडी थांबवली. चाकामागे काही लावलं नाही, ते माझ्या लक्षात आलं. डिकीतून दगड काढला आणि पोटाशी धरून चालत गेला. टॉवेल तसाच. सगळे उठून उभे राहिले.

लच्छूचा भाऊ बिरजू पुढे आला आणि गोंडीत ओरडायला लागला. दीपाली त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलली. चाकाकडे हात, स्टेपनीकडे हात, मग डोक्याला बोट लावून आरिफकडे हात, हा येडा आहे म्हणून. मागे कोणीतरी हसलं. मला वाटलं, मिटलं.

पण बिरजू हुशार माणूस. त्याने आरिफकडे वळून मराठीत विचारलं, "चाकाखाली ठेवला, मानलं. गाडी सुरू झाली, मंग नेला काऊन?"

मी महेकबरोबर गाडीजवळ उभी होते. मला वाटलं, आता सांगेल, दुकानाची पायरी.

"पोरगा होता माझा," आरिफ म्हणाला.

मग तो बोलत गेला. मी लग्नानंतर त्याला एका दमात इतकं बोलताना ऐकलं नाही. कबरीत मी स्वतः उतरलो होतो, म्हणाला. डोकं माझ्या हातात होतं. डाव्या अंगाला, भिंतीपासून जरा अलीकडे कडुनिंब आहे, त्याच्या खाली आहे तो. पहिल्या पावसात माती बसली. तेव्हापासून दर जुम्म्याला नमाजनंतर टोपलीभर माती नेऊन टाकतो. मागच्या महिन्यात बाजूला दुसरी कबर खणली, इतकी जवळ की मी गेलो तर मला कळेना, कुठली माती कोणाची. कडुनिंबापासून पावलं टाकून बघितली, दर वेळी वेगळ्याच जागी आलो. आमच्यात पक्कं बांधत नाहीत, भाऊ. विकत आणलेला दगड ठेवला तर लोक बोलतील. हा उचलला तेव्हा हाताला बरा वाटला. घडवलेला नाही, नाव नाही. जंगलातला पत्थर आहे, कोण काय बोलणार? म्हटलं, हाच त्याच्या डोक्याशी ठेवू. तुमच्या माणसाचा आहे, हे नाही कळलं. कसम से नाही कळलं.

मला रडू यायला पाहिजे होतं. महेक रडत होती. मला राग आला, इतका की पायाखालची पानं वाजायला लागली. कडुनिंब! दोन वर्षं मी भिंतीच्या चारी बाजूंना माझं पोर शोधते आहे आणि हा सांगतो कोणाला, तर बिरजूला! दर जुम्म्याला नमाजनंतर उशीर व्हायचा, मी जेवण झाकून ठेवायचे. दुकानात थांबला असेल, असं वाटायचं. कपड्यांना माती असायची आणि मी ती धुवायचे. तीच माती. माझ्या हातातून गेली ती माती आणि मला माहीत नाही.

घोळक्यातून एक बाई पुढे आली. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा बारीक. तीच रुखमा. तिने आरिफच्या हातातल्या दगडावर हात ठेवला, टॉवेल बाजूला सारला, कुठे टवका उडाला का ते बघितलं. मग विचारलं, "पोराची माय कोन?"

दीपालीने माझ्याकडे बोट दाखवलं.

रुखमाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आरिफकडे वळली. "ही जित्ती हाय ना? मंग एकटाच काऊन उचलला? दगड एकट्यानं नाई आनत. सारे मिळून आनते. भांडते, पन मिळून आनते."

कोणीतरी आरिफला हे सांगायलाच पाहिजे होतं. मी दोन वर्षं सांगत होते, पण मला हे शब्द सापडले नव्हते.

दंड म्हणून कोंबडे द्यायचं ठरलं. दीपाली दोनावरून एकावर आणत होती, तर आरिफच म्हणाला, दोन देतो. ती त्याच्यावर चिडली. दगडाची एक बाजू बिरजूने धरली, दुसरी रुखमाच्या भावाने, आणि त्यांनी तो बुंध्याशी परत आडवा ठेवला. ठेवता ठेवता दोघांचं कुठे ठेवायचा यावरून पुन्हा जुंपलं. रुखमा कमरेवर हात ठेवून बघत होती.

दीपालीला भामरागडच्या एसटीत बसवून दिलं. "पुढच्या खेपेला जेवून जा," ती म्हणाली, "पन भाऊ, कायी उचलू नका."

आलापल्ली येईपर्यंत मी एकच वाक्य बोलले. "कडुनिंब मोठा आहे?"

"मोठा आहे," तो म्हणाला. "सावली असते."


२९ जानेवारी, बुधवार. बल्लारपूर

काल दुपारी परत आलो. महेक आज सकाळच्या गाडीने नागपूरला गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही दोघं बोला." जणू काही ते नळ उघडण्याएवढं सोपं आहे.

शाळेत सातवीचे निबंध तपासले, "माझी अविस्मरणीय सहल". एकालाही दहापैकी पाचाच्या वर गुण दिले नाहीत. संध्याकाळी आपण शिक्षिका आहोत हे आठवलं आणि सगळ्यांचे दोन दोन वाढवले.


३१ जानेवारी, शुक्रवार

नमाजनंतर आरिफ सरळ घरी आला. दारात उभा राहून म्हणाला, "टोपली भरतो. येतेस? आत्ता नको, लोक असतात. उद्या पहाटे फजरच्या नमाजनंतर कोणी नसतं, तेव्हा नेतो."

मी म्हटलं, "चोरासारखी नाही येणार. दगड ठेवायचा त्या दिवशी येईन. दुपारी. सगळ्यांच्या समोरून."

"लोक..."

"कुऱ्हाडी नाही काढणार ते."

तो टोपली घेऊन गेला. दारात चप्पल अडकली, पडता पडता वाचला. मी हसले नाही. हसावंसं वाटलं, म्हणून जास्त राग आला.


२ फेब्रुवारी, रविवार

वर्धा नदीच्या पात्रात गेलो, दोघंच. गाडी पुलाच्या अलीकडे लावली आणि वाळूतून चालत गोट्यांपर्यंत गेलो. ऊन डोक्यावर आलं तरी एका दगडावर एकमत होईना. त्याला गोल हवा, मला चपटा. त्याने दाखवला तो मला बोचरा वाटला, मी दाखवला तो त्याला कपडे धुवायचा. पलीकडे रेती भरणारी माणसं काम थांबवून आमच्याकडे बघत होती. बघू देत.

शेवटी मला एक सापडला. लांबट, राखाडी, एका अंगाने गुळगुळीत. मी तो उभा करून धरला.

"इतका मोठा?" आरिफ म्हणाला. "लहान पोराच्या डोक्याशी?"

"लहान? तुझ्या कानापर्यंत आला होता तो. तुला आठवत तरी आहे का?"

"मला आठवत नाही?" तो ओरडला. पात्रात आवाज घुमला. "मला? कानापर्यंत नाही, इथपर्यंत होता!" आणि त्याने डोक्याच्याही वर हात धरला.

"खोटं. इथे." मी चवड्यांवर उभी राहून त्याचा हात खाली ओढला, कानाच्या पाळीपर्यंत.

"वर."

"खाली. ईदला शेरवानी मी शिवली होती, मला माहीत आहे."

"ईदनंतर वाढला होता. तू बघितलंच नाहीस. वर."

त्याने हात वर नेला. मी खाली ओढला. त्याने परत वर नेला. भर उन्हात आम्ही दोघं वाळूत उभे राहून भांडत होतो, आणि त्या हाताखाली जेवढी जागा होती, तेवढा तो होता.